मागच्या एक्सलमधला ठोका

भीती फक्त रात्रीच वाटते असं ज्यांना वाटतं, त्यांनी मे महिन्यातली नागपूरची दुपार पाहिलेली नाही.

बारा वाजून गेले की रस्ते ओस पडतात. कुत्री नालीत जाऊन बसतात. दुकानांची दारं अर्धी ओढलेली असतात. लख्ख उजेड असतो... आणि माणूस एकही नसतो.

हे घडलं ते अशाच तीन दुपारी. मे १९७८. मंगळवार, बुधवार आणि गुरुवार. जागा सदर भागातली, मोठ्या रस्त्यामागच्या एका गल्लीतलं टिनाचं शेड.

मी यात पदरचं काही घातलेलं नाही. ज्यांच्यावर हे बेतलं ते माझे सख्खे मामा, देवाजी मेश्राम. मामा आता नाहीत. पण तुळसामामी आहे. ब्याऐंशी वर्षांची आहे. त्या गुरुवारी तिनं जे पाहिलं, ते सांगायची वेळ आली की ती आधी पदर तोंडाला लावते.

आधी मामांबद्दल सांगायला हवं. नाहीतर पुढचं कळणार नाही.

देवाजीमामा जीपचे मेकॅनिक. जुन्या जीपच्या बाबतीत सदरमध्ये त्यांचा शब्द शेवटचा. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की नुसत्या आवाजावरून सांगायचे, कोणतं चाक रडून राहिलं.

आणि भूत, करणी, बाहेरची बाधा... यातलं त्यांना काहीही मान्य नव्हतं. छप्पन सालच्या दसऱ्याला अठरा वर्षांचे असताना त्यांनी वडिलांच्या शेजारी उभं राहून दीक्षा घेतली होती. घरातले देव त्याच आठवड्यात गेले. कोणी भुताची गोष्ट काढली की मामा हसायचे.

"देवच सोडले, तं भूत काहून धरून ठेवू गा?"

अशा माणसाच्या शेडमध्ये ती जीप आली.

जीप रामदासपेठेतल्या डॉक्टर प्रमोदिनी बोकारे यांची. बाई दर शनिवारी गावोगावी बायकांसाठी शिबिर घ्यायच्या. जिथं डांबरी रस्ता संपतो तिथून त्यांचं काम सुरू व्हायचं, म्हणून जीप. सहा महिन्यांपूर्वी उमरेडच्या पुढच्या एका लाकडाच्या डेपोवरून जुनीच घेतलेली.

मंगळवारी सकाळी त्यांचा ड्रायव्हर नत्थू ती घेऊन आला.

"देवाजीभाऊ, मागचं डावं चाक पाहा बरं. तेल गळून राहिलं. ब्रेक दाबला की गाडी एकीकडंच ओढते."

मामांनी वाकून पाहिलं. डाव्या चाकाच्या आतून काळं, दाट तेल ओघळलं होतं. मागच्या एक्सलमधलं, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या आसातलं तेल रबरी सील ओलांडून ब्रेकच्या ड्रममध्ये शिरत होतं. जुन्या जीपचं नेहमीचं दुखणं.

"उद्या सकाळी घेऊन जा," मामा म्हणाले. "यात काही नाही."

नत्थू गेला. मामांनी जॅक लावून मागचा भाग उचलला. दोन्ही बाजूंना स्प्रिंगखाली सागवानी ठोकळे दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर ते कधीच गाडीखाली जात नसत. मग चाक काढलं, ड्रम काढला, चाक फिरवणारा शाफ्ट ओढून बाहेर घेतला. सील एका बाजूनं झिजून कागदासारखं पातळ झालं होतं. बेअरिंगही खडखडत होतं. दोन्ही बदलायचं ठरलं.

दुपारी एकच्या सुमारास ते एक्सलमधलं जुनं तेल काढायला जीपखाली गेले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. खाली त्यातल्या त्यात गार होतं. बोल्ट सैल केला. तेल डब्यात पडू लागलं.

तेवढ्यात...

"झालं का गा?"

आवाज गाडीच्या उजव्या बाजूनं आला. अगदी जवळून. कोणीतरी उकिडवं बसून विचारावं तसा.

मामांना वाटलं, नत्थू परत आला.

"नाही झालं अजून," त्यांनी खालूनच सांगितलं.

दहा मिनिटांनी मामा बाहेर आले तेव्हा शेडमध्ये कोणी नव्हतं. गल्लीतही नव्हतं.

त्यांनी ते मनावर घेतलं नाही. नवं सील बसवलं, बेअरिंग बसवलं, तेल भरलं, चाक चढवलं. संध्याकाळी नत्थू डोकावला तेव्हा मामांनी सहज विचारलं.

"दुपारी येऊन असाच काहून निघून गेला?"

"मी?" नत्थू म्हणाला. "मी तं नंदनवनले, घरी झोपून होतो. एवढ्या उन्हात कोण मराले येते?"

बुधवारी सकाळी मामांनी शेड उघडलं.

डाव्या चाकाखाली... तेलाचं थारोळं.

मामांना राग आला. आपल्या हातचं काम एका रात्रीत गळावं, हे त्यांच्या आयुष्यात झालं नव्हतं. नत्थूला त्यांनी हात हलवत परत पाठवलं आणि सगळं पुन्हा उघडलं. सील जागेवर होतं. कुठं चीर नाही, कुठं दुमडलं नाही. पण एका बाजूनं ते आत्ताच दबू लागलं होतं. एका रात्रीत. गाडी जागची हललेली नसताना.

एक्सलमधली हवा बाहेर जायला वर एक बारीक भोक असतं. ते मातीनं बुजलं की आतल्या दाबानं तेल सीलमधून बाहेर येतं. मामांना वाटलं, तेच असेल. तार घेऊन ते पुन्हा खाली गेले.

पुन्हा एक वाजला होता.

"झालं का गा?"

तोच आवाज. तीच बाजू.

मामांचा हात थांबला. जीपखाली पडलं की चारी बाजूंना उजेडाची एक पट्टी दिसते. कोणी गाडीजवळ आलं तर आधी त्याचे पाय दिसतात. मामांनी मान वळवून उजवीकडं पाहिलं.

पाय नव्हते.

तापलेली जमीन होती. ग्रीसचा डबा होता. पलीकडं गल्लीतली भिंत होती.

"झालं का गा?"

या वेळी जरा मोठ्यानं. जरा उतावीळ. त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर... आणि तिथं कोणीच नव्हतं.

"झालं का?"

मामा ओरडले, "थांब गा जरासा!"

मग पलीकडून, समजूतदारपणे, एकच शब्द आला.

"बरं."

मामा सरपटत बाहेर आले. गाडीभोवती दोन चकरा मारल्या. समोर टायरचं दुकान होतं वामनरावांचं. वामनराव बाजेवर घोरत पडले होते. मामांनी त्यांना हलवून उठवलं.

"तुम्ही मले आवाज देल्ला का?"

"मी काहून देऊ?" वामनराव डोळे चोळत म्हणाले. "ऊन लागलं तुले देवाजी. कांदा ठेव खिशात."

मामांनी तसंच मानून घेतलं. डोक्यात ऊन गेलं असेल. त्या दिवशी ते पुन्हा गाडीखाली गेले नाहीत. बाहेर बसूनच जमेल तेवढं केलं.

पण घरी गेल्यावर त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली. रोज ते डबा सोबत न्यायचे. त्या रात्री मामीला म्हणाले, "उद्या डबा तूच घेऊन ये वं. दुपारी एक वाजता. बरोबर एक वाजता."

"एवढ्या उन्हात? काहून?"

"ये म्हटलं ना."

मामी म्हणते, त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. म्हणून तिनं पुढं विचारलं नाही.

गुरुवार.

सकाळी पुन्हा थारोळं. कालच्यापेक्षा मोठं.

आता मामांना एकच शंका उरली होती. सील चांगलं, बेअरिंग चांगलं, तरी तेल गळतं, म्हणजे शाफ्ट ज्या जाड लोखंडी नळीतून जातो, ती नळीच कुठंतरी वाकलेली असणार. ते डोळ्यांना दिसत नाही. हातानं चाचपावं लागतं. त्यासाठी खाली जाणं भाग होतं.

त्यांनी गाडी पुन्हा उचलली, ठोकळे नीट बसवले, डावं चाक आणि ड्रम काढला. लाथ मारून पाहिले. हलले नाहीत. सगळी हत्यारं बाहेर, पोत्यावर मांडून ठेवली. रिकाम्या हातानं ते खाली गेले आणि डाव्या बाजूच्या नळीवर तळवा फिरवू लागले.

गल्लीत कसलाही आवाज नव्हता. कावळासुद्धा नव्हता.

बोटांना एक जागा लागली. तिथं लोखंड किंचित आत गेलं होतं. कोणीतरी हातोड्यानं ठोकून वर आणलेलं. वरून काळ्या रंगाचा जाड थर. मामांनी तळवा तिथंच दाबून धरला.

"झालं का गा?"

मामांनी ओठ घट्ट मिटले. आज उत्तर द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

"झालं का?"

घाम डोळ्यांत उतरत होता. पुसायला हात हलवला नाही. श्वाससुद्धा धरून ठेवला.

आणि तेव्हा...

टण्.

एकच ठोका.

मामा नंतर सांगायचे, तो आवाज मी आधी कानानं नाही, तळहातानं ऐकला. नळीच्या आतून कोणीतरी बोटाच्या पेरानं वाजवावं, तसा तो त्यांच्या तळव्याला लागला.

पलीकडून आवाज आला. मोकळा, काम संपल्यासारखा.

"बरं!"

मग लाकूड जमिनीवरून ओढल्याचा आवाज. खर्र... एकदा. खर्र... दुसऱ्यांदा.

मग स्क्रू जॅकचा. किर्र... किर्र... किर्र...

हा आवाज मामांनी आयुष्यात हजार वेळा ऐकला होता. काम झालं की गाडी खाली घेताना जॅक असाच वाजतो. हे काय चाललंय ते त्यांना कळत होतं, पण अंग ऐकत नव्हतं. ते फक्त उजेडाची पट्टी पाहत राहिले.

पट्टी बारीक होत होती.

मामी तेव्हा गल्लीच्या तोंडाशी पोचली होती. उन्हामुळं उशीर झाला म्हणून भरभर चालत होती. तिला मामांचे पाय दिसले, जीपखालून बाहेर आलेले. आणि जॅकचा दांडा दिसला.

दांडा फिरत होता. गोल, सावकाश... माणूस फिरवतो तसा. अर्धा वेढा, हात बदलायला थोडं थांबणं, पुन्हा अर्धा वेढा.

फिरवणारा कोणी नव्हता.

मामीच्या हातातला डबा पडला.

"अजी! निघा! बाहेर निघा!"

तिनं धावत जाऊन मामांचे दोन्ही पाय धरले आणि असतील नसतील त्या ताकदीनं ओढलं. मामांची पाठ सोलून निघाली. डोकं बाहेर आलं आणि जीप खाली बसली. धप्प!

डाव्या बाजूची नळी, मामांची छाती होती बरोबर त्या जागी, जमिनीवर टेकली होती.

वामनराव धावत आले. आजूबाजूचे चार लोक आले. कोणीतरी पाणी आणलं. मामी मामांचा हात सोडायलाच तयार नव्हती.

ठोकळे गाडीखाली नव्हते. ते भिंतीशी होते... एकावर एक, नीट रचून ठेवलेले.

"हे काही आपलं काम नाही, देवाजी," वामनराव हळूच म्हणाले. "माझ्या ओळखीचा एक माणूस हाये. लिंबू-नारळ घेऊन येईल, पाहील..."

"नाही." मामा भिंतीला धरून उठले. "तसलं काही नोको. त्या नळीले मार लागेल हाये. मार कशानं लागला ते मले पाह्यजे."

त्यांनी नत्थूला बोलावून घेतलं. त्याला ती ठोकलेली जागा दाखवली. नत्थूचा चेहरा उतरला.

"भाऊ... मले माहीत होतं," तो म्हणाला. "डेपोवरचा चौकीदार बोलला होता. या गाडीखाली एक मिस्त्री गेला म्हणे. बाईले गाडीची लई गरज होती, म्हून मी सांगतलं नाही."

"कोण मिस्त्री?"

"डोमा नावाचा. त्याची बायको हाये अजून त्या डेपोच्याच गावात."

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं मामा नत्थूला घेऊन निघाले. मामी म्हणाली होती, जाऊ नका. मामा म्हणाले, "गेलो नाही, तं मी पुन्हा कोणत्याच गाडीखाली जाऊ शकणार नाही वं. मंग खाऊ काय?"

गाव लहानसंच. डोमाचं घर विचारल्यावर एका बाईनं लांबूनच बोट दाखवलं.

दारात एक पन्नाशीची बाई तांदूळ निवडत बसली होती. कौशल्या. डोमाची विधवा. मामांनी हात जोडून आपण कोण, कुठून आलो ते सांगितलं. जीपचं नाव काढताच तिचा हात सुपातच थांबला.

"ते गाडी अजून चालू हाये?"

"हो ताई. मीच दुरुस्त करून राहिलो. मले फक्त एवढंच सांगा, त्या दिवशी झालं काय?"

ती उठून आत गेली. मग पाणी दिलं. मग सांगू लागली.

"आमचे मालक जन्मापासून मुके. ऐकू याचं, पण तोंडातून शब्द नाही. लय मोठे मिस्त्री. माहा भाऊ गोविंदा डेपोवर ड्रायव्हर होता. तोच ही जीप चालवे. गाडी बिघडली की दोघं मिळून बसत. हे खाली, गोविंदा वर जॅकपाशी."

"मुके होते, तं खालून सांगत कसे?" मामांनी विचारलं.

"ठोका देत. गोविंदा विचारे, झालं का गा? यायनं पान्ह्यानं एक ठोका देल्ला, की झालं. दोन देल्ले, की थांब."

मामांनी या बाईला ठोक्याबद्दल अजून एक शब्दही सांगितला नव्हता.

"नऊ वर्षं झाली," कौशल्या म्हणाली. "अशीच उन्हाळ्याची दुपार होती. गोविंदानं विचारलं. त्याले एक ठोका ऐकू आला. त्यानं ठोकळे काढले, जॅक उतरवला. अन् हे खालीच होते."

तिनं सुपातला एक खडा उचलून बाहेर फेकला.

"पण भाऊ, पान्हा तं बाहेर होता. पोत्यावर. सगळी हत्यारं बाहेर होती. यायच्या हातात काहीच नव्हतं. मंग ठोका कोणी देल्ला? समद्यायनं म्हटलं, गोविंदा खोटं बोलून राहिला. घाई केली अन् आता ठोक्याचं नाव सांगते. तो पाया पडे. ताई, मी ऐकला वं, एक ठोका ऐकला. मीबी म्हणली, खोटं नोको बोलू."

"मंग?"

"मंग तो बोललाच नाही. त्या दिवसापासून एक शब्द नाही. मी त्याले घरी आणलं. जेवू घालते. नऊ वर्षं झाली, पण त्याच्या तोंडाकडं पाह्यलं नाही मी."

आतल्या खोलीत कोणीतरी कूस बदलल्याचा आवाज आला. बाज करकरली.

कौशल्या एकदम आवाज खाली आणून बोलू लागली.

"अन् या मंगळवारी तो बोलला."

मामांनी आतल्या दाराकडं पाहिलं.

"दुपारची वेळ. मी चुलीपाशी होती. आतून आवाज आला... झालं का गा? मी धावत गेली. म्हटलं, नऊ वर्षांनी बोलला! रडली मी. बुधवारी तीनदा बोलला. झालं का गा, झालं का गा. मंग आपल्याच मनानं 'बरं' म्हणाला अन् चूप बसला. अन् काल..."

"काल काय झालं?"

"काल विचारलं, अन् मंग कान देऊन ऐकत बसला. मले काही ऐकू आलं नाही. तो मात्र हसला. 'बरं' म्हणाला. अन् हात असा फिरवाले लागला... असा, जॅक उतरवल्यावानी."

तिनं हात फिरवून दाखवला. अर्धा वेढा... थोडं थांबणं... पुन्हा अर्धा वेढा.

"मंग एकदम किंचाळला, अन् पडला. तवापासून अन्न नाही का पाणी नाही. भिंतीकडं तोंड करून पडेल हाये."

नत्थू केव्हाच अंगणात जाऊन उभा राहिला होता. मामा उठले.

"मले त्यायले भेटू द्या."

आत अंधार होता. बाजेवर एक वाळलेला माणूस पाठमोरा पडला होता. मामा बाजेशेजारी खाली बसले. ज्या आवाजानं त्यांचा जीव घेतला असता, तो आवाज या माणसाचा होता. आणि हा माणूस तर तीन दिवस इथंच होता, पंधरा-वीस कोसांवर, बहिणीच्या नजरेसमोर.

शेवटी मामा जे खरं होतं तेच बोलले.

"गोविंदाभाऊ, मी काल त्याच गाडीखाली होतो. माह्या हातातबी काही नव्हतं. हत्यारं बाहेर होती, पोत्यावर."

पाठ हलली नाही.

"ठोका आला होता. एकच. मी ऐकला."

दारात उभ्या असलेल्या कौशल्येनं चौकट धरली.

"लोखंडाच्या आतून आला," मामा म्हणाले. "माह्या तळव्याले लागला. तुम्ही खोटं नव्हते बोलत."

मग तो माणूस हळूहळू वळला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्यानं मामांकडं पाहिलं नाही. बहिणीकडं पाहिलं.

"ताई," तो म्हणाला. मामांनी तो आवाज ओळखला. तोच होता. "वाजला होता ना वं?"

कौशल्या खाली बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन मोठमोठ्यानं रडू लागली. मामा बाहेर आले. परतीच्या एसटीत नत्थूनं चारदा विचारलं, काय झालं.

शनिवारी डॉक्टर बाई एसटीनं शिबिराला गेल्या. मामांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. बाईंनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "मला यातलं काही समजलं नाही देवाजी. पण तुमच्या मनाला पटेपर्यंत गाडी परत देऊ नका."

मामांनी पुढच्या आठवड्यात गाडी चार बाजूंनी विटांच्या खांबांवर चढवली. जॅक शेडच्या बाहेर ठेवला. अख्खा मागचा एक्सल बाजूनं सोडवून काढला, त्या जागी दुसरा बसवला. ती जीप पुढं सात-आठ वर्षं चालली. तेलाचा एक थेंब गळला नाही.

जुना एक्सल मामांनी विकला नाही. तो गॅसनं कापायचं ठरलं. मामांनी निरोप धाडला होता; त्या दिवशी सकाळी कौशल्या आली, गोविंदाला हाताला धरून घेऊन आली. त्याला पाहायचं होतं.

नळी तीन ठिकाणी कापली. आत काळं तेल होतं. बाकी सगळं पोकळ. गिअरचा सुटलेला दात नाही, तुटलेली खीळ नाही, खडासुद्धा नाही. लोखंड गार झाल्यावर गोविंदानं मार लागलेल्या तुकड्यात कोपरापर्यंत हात घातला. आतून सगळीकडं चाचपलं. मग हात बाहेर काढला आणि तळव्यावरच्या तेलाकडं पाहत राहिला.

"काहीच नाही," तो म्हणाला.

मामीनं त्यांना जेवूनच जाऊ दिलं. गोविंदा नंतर बरा झाला. बाजारात भाजी विकायला बसायचा, बहिणीसोबत. तो कमी बोलायचा, पण बोलायचा.

मामा शहाण्णव साली गेले. शेवटपर्यंत जीपचंच काम केलं. देव मानला नाही, भूत मानलं नाही. पण एक्सलच्या नळीवर त्यांनी पुन्हा कधी तळवा टेकवला नाही. चाचपायची वेळ आली की हाताला कापड गुंडाळायचे.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, त्या आवाजाची अजून भीती वाटते का?

"गोविंदाचं काय भेव?" मामा म्हणाले. "तो बिचारा तं विचारतच होता."

मग बराच वेळ आपल्या उजव्या तळव्याकडं पाहत बसले.

"उत्तर देणारा कोण होता, ते सांग."